पोरं कितवीत आहेत? इंदूरला येताना शाळा कशी निवडायची

मार्च उजाडला की आमच्या राजेंद्रनगरच्या घरी फोन सुरू होतात. कुणाची पीथमपूरच्या कारखान्यात बदली झालेली असते, कुणाला सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत नोकरी लागलेली असते. मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले त्याला तीस वर्षं होत आली, त्यामुळे सगळ्या नातेवाइकांनी मिळून मला इंदूरचं चौकशी केंद्र करून टाकलंय. यंदा नाशिकहून मावसभावाचा फोन आला. "ताई, इंदूरला चांगली शाळा कुठली गं? एकच नाव सांग."

म्हटलं, "नाव मागाहून. पोरं कितवीत आहेत ते आधी सांग."

थोरला नववीची परीक्षा देत होता आणि धाकटी आठवीची, दोघंही महाराष्ट्र बोर्डात. घर एक, बदली एक, पण दोघांना द्यायचं उत्तर वेगवेगळं होतं, आणि ते शाळेच्या नावावर अजिबात अवलंबून नव्हतं.

सीबीएसईत नववी आणि दहावी हा मिळून दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरतात. अकरावी-बारावीचंही तेच. बोर्डाकडे मुलाची नोंदणी होते ती नववीत आणि अकरावीत. दहावीत किंवा बारावीत नवा मुलगा घ्यायचा तर पालकांची बदली झाली, कुटुंब गाव सोडून आलं, अशा कारणांचे कागद जोडून बोर्डाची परवानगी काढावी लागते, आणि तीही मूळची सोय सीबीएसईतूनच सीबीएसईत येणाऱ्यांसाठी. एमपी बोर्डात, म्हणजे भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडळात, नामांकन, म्हणजे हीच नोंदणी, नववीतच होतं. (इथे आलेल्या प्रत्येक मराठी पोराला या नावाची गंमत वाटते. आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी.) तेव्हा धाकटीसाठी दार सताड उघडं होतं. थोरल्यासाठी मात्र ते जेमतेम किलकिलं होतं. नववी एका राज्याच्या बोर्डात आणि दहावी दुसऱ्या राज्यात दुसऱ्या बोर्डाची, हे कागदावर कसंबसं जमवलं तरी पोराचे हाल होतात.

का, ते पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली की कळतं. महाराष्ट्रात गणिताचे दोन पेपर, बीजगणित ४० आणि भूमिती ४०, वर अंतर्गत २०. विज्ञानाचेही दोन भाग. सीबीएसईत गणिताचा एकच ८० गुणांचा पेपर आणि २० अंतर्गत. पण खरी अडचण गणितात नाही, ती सामाजिक शास्त्रांत आहे. महाराष्ट्राच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, इतिहासात इतिहासलेखन आणि प्रसारमाध्यमं आहेत. सीबीएसईच्या दहावीत युरोपातला राष्ट्रवाद, भारतातली राष्ट्रीय चळवळ, साधनसंपत्ती, शेती, खनिजं आणि जोडीला अर्थशास्त्र. चांगल्या मार्कांनी नववी पास झालेलं पोर या वर्गात बसलं तर मागची सगळी वाट त्याला नव्यानं चालावी लागते, आणि हातात असतात फक्त दहा महिने.

तेही पूर्ण दहा नाहीत. मध्य प्रदेशात आणि सीबीएसईत सत्र १ एप्रिलला सुरू होतं. महिनाभर वर्ग चालतात, मग उन्हाळ्याची सुट्टी आणि जूनमध्ये पुन्हा शाळा. महाराष्ट्रातून येणारा माणूस निकाल, सामान, निरोपसमारंभ आटोपून जूनच्या मध्यावर पोचतो आणि "शाळा आजच उघडली ना?" असं विचारतो. तोवर दोन धडे होऊन गेलेले असतात आणि बऱ्या शाळांतल्या जागाही. प्रवेशाची चौकशी जानेवारी-फेब्रुवारीतच करायची, बदलीची ऑर्डर हातात नसली तरी.

बारावी कुठून करायची

आता ज्या गोष्टीबद्दल मी फोनवर सगळ्यात जास्त वेळ बोलते ती. शाळा निवडताना आपण नववीकडे बघतो, पण खरा हिशेब बारावीनंतरच्या प्रवेशाचा असतो. कुठल्या राज्यातून दहावी आणि बारावी केली यावर पुढे कुठल्या राज्याची जागा मिळणार हे ठरतं, आणि डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंग या दोन रस्त्यांचे नियम एकमेकांसारखे नाहीत.

डॉक्टरकीचं आधी. सरकारी कॉलेजांतल्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत बसायला डोमिसाइल तर हवंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात. केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीतल्या काही पालकांच्या मुलांना सवलती आहेत, खासगी नोकरीवाल्यांनी त्या आशेवर राहू नये. मध्य प्रदेशच्या ८५ टक्क्यांसाठी लागतं मूल निवासी प्रमाणपत्र, म्हणजे इथलं डोमिसाइल. ते लोकसेवा केंद्रात अर्ज करून मिळतं, पण काल आला आणि आज मिळालं असं होत नाही, त्याच्या अटी आहेत.

म्हणजे दहावी नाशिकला आणि बारावी इंदूरला केलेल्या पोराचं काय होतं बघा. महाराष्ट्र विचारतो, बारावी कुठली? मध्य प्रदेश विचारतो, मूल निवासी कुठंय? दोन्हीकडून हात हलवत परत. मग उरतो अखिल भारतीय कोटा, एम्स आणि जिथे फी ऐकून बापाला घाम फुटतो ती खासगी कॉलेजं. नीटच्या परीक्षेत कितीही घासून मार्क आणले तरी हा घोळ निस्तरत नाही, कारण तो परीक्षेच्या आधी दोन वर्षं होऊन बसलेला असतो. मुलाला डॉक्टर व्हायचंय हे पक्कं असेल आणि मूल निवासी मिळण्याची लक्षणं नसतील, तर दहावी-बारावी महाराष्ट्रात आजीकडे राहून करावी, असं मी स्पष्ट सांगते. नववीतल्या पोराला काय ठाऊक काय व्हायचंय ते, असं लोक म्हणतात. खरंय. पण निदान आईबापांना नियम तरी ठाऊक असावेत.

इंजिनिअरिंगमध्ये चित्र पालटतं. आयआयटीला राज्याचा कोटा नाहीच, त्यामुळे इंदूरजवळच्या सिमरोलच्या आयआयटीत जायला इंदूरकर असण्याचा फायदाही नाही नि तोटाही नाही. एनआयटीत मात्र निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांना असतात, आणि 'त्या राज्याचा' म्हणजे ज्यानं बारावी तिथून पास केली तो. जन्म कुठला, डोमिसाइल कुठलं, याला तिथे महत्त्व नाही. बारावी इंदूरला केली की पोर भोपाळच्या एनआयटीला घरचं आणि नागपूरच्या एनआयटीला परकं. माझ्या माहेरच्या मंडळींना हे सांगितलं की ती दुखावतात, पण नियम तो नियम. शिवाय मध्य प्रदेशात इंजिनिअरिंगला महाराष्ट्रासारखी राज्याची वेगळी सीईटी नाही. इथल्या एसजीएसआयटीएससारख्या कॉलेजात मुख्यतः जेईई मेनच्या क्रमांकावर जागा भरतात, आणि राज्याच्या जागांना पुन्हा तेच मूल निवासी.

जातीचा दाखलाही याच पंगतीतला. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर मध्य प्रदेश सरकारच्या आरक्षणाचा लाभ मिळेल असं गृहीत धरू नये, राज्य बदललं की तो हक्क सोबत येत नाही.

भावाला हे सगळं सांगितलं तेव्हा पलीकडे जरा शांतता झाली. मग म्हणाला, "थोरल्याला जीवशास्त्र आवडत नाही गं, बेडूक बघून पळतो." म्हटलं, मग अर्धं काम झालं.

सीबीएसई की एमपी बोर्ड

इंदूरच्या मध्यमवर्गात हा प्रश्न कुणी विचारतच नाही, सगळे सीबीएसईच्या पाटीकडे धावतात. पुन्हा बदली होणार असेल तर तेच बरोबर, कारण सीबीएसईतून सीबीएसईत जाणं सगळ्यात कमी त्रासाचं. पण एमपी बोर्डाला नाकं मुरडणाऱ्यांना हे माहीत नसतं की गणित-विज्ञानाला तिथेही एनसीईआरटीचीच पुस्तकं आहेत. दर जिल्ह्यात सरकारची एक उत्कृष्ट शाळा असते, तिथे नववीत प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं घेतात. इंदूरला ती बाल विनय मंदिर. शिवाय पूर्वी सीएम राइज म्हणत त्या आणि २०२५पासून सांदीपनी म्हणतात त्या सरकारी शाळा आहेत. तिथली फी ऐकून खासगी शाळेची पावती भरणाऱ्याला रडू येईल. उत्कृष्ट शाळेची परीक्षा सत्र सुरू होण्याआधीच होऊन जाते, त्यामुळे मे महिन्यात पोचणाऱ्याला ती गाडी चुकलेलीच असते. केंद्रीय विद्यालयं केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आधी, त्यातही ज्यांच्या बदल्या जास्त त्यांचा नंबर वर. नववीत तिथेही परीक्षा आणि तीही जागा रिकामी असली तर.

खासगी शाळेची पाटी मात्र नीट वाचा. 'सीबीएसई पॅटर्न' म्हणजे सीबीएसई नव्हे. शाळेचा संलग्नता क्रमांक मागून घ्यायचा आणि बोर्डाच्या सारस पोर्टलवर घालून बघायचा. मान्यता दहावीपर्यंतच आहे की बारावीपर्यंत, हेही तिथेच कळतं. दहावीपर्यंतचीच असेल तर दोन वर्षांनी हीच पायपीट पुन्हा.

नववीत सीबीएसईत गेलेल्यांच्या पुढ्यात दहावीला आणखी एक फाटा येतो: गणित बेसिक, म्हणजे सोपं, की स्टँडर्ड. २०२०च्या परीक्षेपासून ही सोय आहे. अकरावीत गणित घेण्याची रुपयात चार आणे जरी शक्यता असली तरी स्टँडर्डच घ्यावं. आणि २०२६पासून दहावीची बोर्ड परीक्षा वर्षातून दोनदा आहे. पहिली सगळ्यांना सक्तीची, दुसरी मार्क सुधारायला, जास्तीत जास्त तीन विषयांत.

हिंदीचं काय

पुण्या-नाशिकची मुलं म्हणतात, हिंदी येते की, सिनेमे बघतो. इथे आल्यावर आठवड्याभरात 'क्या कर रिया हे भिया' असं अस्सल इंदुरी बोलायलाही लागतात. पेपरात ते चालत नाही. मराठीला तीन लिंगं, हिंदीला दोन, त्यामुळे आपल्या नपुंसकलिंगाचं तिथे काय होईल त्याचा नेम नाही. ते घर, ते पुस्तक. हिंदीत घर झालं पुल्लिंगी आणि पुस्तक स्त्रीलिंगी, म्हणून 'मेरा घर' पण 'मेरी पुस्तक'. मराठी पोर हमखास 'मेरा पुस्तक' लिहितं आणि लाल शाईचा गोळा मिळवतं. समास मात्र आपलेच, तत्पुरुष आणि द्वंद्व ओळखीचे निघतात.

सीबीएसईत हिंदीचे दोन अभ्यासक्रम आहेत, अ आणि ब. ब तुलनेनं सोपा, बाहेरून आलेल्या मुलाला तोच बरा. पण शाळा दोन्ही शिकवतेच असं नाही, प्रवेशाआधी विचारायचं. मराठी हा विषय सीबीएसईच्या यादीत आहे, एमपी बोर्डाच्या यादीतही आहे. यादीत असणं आणि वर्गात शिकवायला बाई असणं यांत अंतर आहे. होळकरांचं शहर असूनही मराठी शिकवणारी शाळा शोधावी लागते. मी तरी मुलांना सांगते, मराठी घरी बोला आणि वाचा, मार्कांसाठी तिच्या मागे लागू नका.

अकरावी

महाराष्ट्रातून आलेल्यांचा इथे एक गोड गैरसमज असतो. तिकडे अकरावी म्हणजे कॉलेज: गणवेश सुटला, गाडी आली, कट्टा आला. मध्य प्रदेशात कनिष्ठ महाविद्यालय ही भानगडच नाही. अकरावी-बारावी शाळेतच, टाय लावून, सकाळी प्रार्थनेला उभं राहून. दहावीनंतर आलेली मुलं पहिला महिना यावरून आईशी भांडतात.

विषयांना इथे 'मॅथ्स घेतलं', 'बायो घेतलं', 'कॉमर्स घेतलं' असंच म्हणतात. एमपी बोर्डात शेतीचाही वेगळा गट आहे. शाळेला विचारायचं ते हे की अकरावीत भौतिकशास्त्र कोण शिकवतं आणि किती वर्षं शिकवतंय. दर जुलैत नवा मास्तर येत असेल तर इमारत कितीही झकास असो.

याच वळणावर डमी शाळेचा प्रस्ताव येतो. भंवरकुआ, गीता भवन, विजयनगर, सगळीकडे कोचिंगच्या पाट्या आहेत. त्यांतलाच कुणीतरी कानाशी लागतो: शाळेत नाव घाला, जायचं नाही, दिवसभर आमच्याकडे. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते आणि बोर्डानं २०२४मध्ये अचानक तपासण्या करून अशा बऱ्याच शाळांची मान्यता काढली. शाळेची मान्यता गेली की बारावीच्या तोंडावर पोर कुठे जाणार, हे कोचिंगवाला सांगत नाही. मला विचाराल तर सोळाव्या वर्षी नव्या गावात आलेल्या मुलाला मित्र मिळतात ते शाळेत, आणि तेच आपण काढून घेतो.

कागद, पैसे, बस

कागदांबद्दल थोडक्यात, पण हा धडा मी स्वतः शिकलेय. मोठ्या मुलीला दोन वर्षं नागपूरला आजीकडे शिकवून परत आणलं तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला घेतला आणि गाडीत बसलो. इथल्या शाळेनं विचारलं, यावर शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी कुठाय? राज्य बोर्डाच्या शाळेतून दुसऱ्या राज्यात जाताना ती लागते. त्या एका सहीसाठी मी रात्रभर प्रवास करून परत गेले. साहेब रजेवर होते. तेव्हा सही गाव सोडण्याआधी. दहावीनंतर बोर्ड बदलत असेल तर जुन्या बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट. आधार, दाखला आणि मार्कशीट या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी. इथे आल्यावर कुटुंबाचा समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, काढायचा, शाळा पहिल्याच फॉर्मवर तो मागते.

फीबाबत मध्य प्रदेशात कायदा आहे, २०१७चा. शाळा स्वतःहून वर्षाला १० टक्क्यांपर्यंत फी वाढवू शकते, त्यावर जायचं तर समितीची मंजुरी. अमुकच दुकानातून पुस्तकं आणि गणवेश घ्या अशी सक्तीही करता येत नाही. तरी दुकानाच्या नावाची चिठ्ठी हातात येतेच. ती खिशात घालायची आणि सरळ खजुरी बाजार गाठायचा. प्रवेशाच्या वेळी महिन्याची फी विचारू नका, वर्षाचा एकूण आकडा कागदावर लिहून मागा, बस, परीक्षा, अनामत सगळं धरून.

आणि बस. नव्या माणसाला इंदूर लहान वाटतं. मोठमोठ्या आवारांच्या शाळा गावाबाहेर आहेत, बायपास, निपानिया, खंडवा रोड, राऊ. लोकमान्यनगर नाही तर सुदामानगरात मराठी शेजार बघून घर घ्यायचं आणि पोराला शहराच्या दुसऱ्या टोकाला बायपासवर धाडायचं, म्हणजे रोजचे दोन तास बसमध्ये. जानेवारी २०१८मध्ये याच बायपासवर शाळेच्या बसचा अपघात होऊन चार मुलं आणि ड्रायव्हर गेले, ते हे शहर अजून विसरलेलं नाही. २०२४च्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं शाळेच्या बससाठी निर्देश दिले: १२ वर्षांहून जुनी बस नको, स्पीड गव्हर्नर हवा, जीपीएस आणि सीसीटीव्ही हवेत. शाळेत गेल्यावर प्रयोगशाळेआधी बस बघा. टायर बघा. मी तर शाळा आधी नक्की करून घर मागून घ्या असं सांगते. भाड्याचं घर बदलता येतं, नववी बदलता येत नाही.

भाऊ शेवटी मार्चअखेर दोन दिवसांसाठी आला. मी त्याला शाळांच्या ऑफिसात नेलंच नाही. सुट्टीच्या वेळी गेटवर उभं केलं, राऊकडच्या दोन शाळांच्या आणि खंडवा रोडच्या एका. मुलं कशी बाहेर पडतात, मोठी पोरं लहानांना ढकलतात का, बाई गेटपर्यंत येतात का, न्यायला आलेल्या आया एकमेकींत काय बोलतात. एका शाळेच्या भिंतीवर टॉपरचं भलंमोठं होर्डिंग होतं. त्यानं आत जाऊन विचारलं, गेल्या वर्षी दहावीला एकूण किती मुलं बसली आणि त्यातली किती इथेच अकरावीला राहिली? समोरच्या मॅडमनी पाणी मागवलं आणि माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्या शाळेतल्या सरांनी रजिस्टर काढून आकडा सांगितला, फार भारी नव्हता तो, पण सांगितला. हिंदी ब आहे का विचारल्यावर म्हणाले, आहे, आणि एक मराठी मुलगी आधीच त्या वर्गात आहे.

धाकटीचं नाव तिथे घातलं. थोरला दहावी नाशिकलाच करणार, आजीकडे, आणि पुढच्या एप्रिलला इथे अकरावीत येईल. बेडकांपासून लांब, भोपाळच्या एनआयटीच्या जवळ. टाय लावायचा म्हणून आत्तापासून कुरकुरतोय.